दसऱ्यापर्यंत छावणी

माझं माहेर बेळगावचं आणि सासर देवासचं. माहेरी गेले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "तुमच्या देवासात कुमार गंधर्वांचं घर आहे ना गं?" मी हो म्हणते. देवासची टेकडी, टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडा, आणि खाली कुमारजींचं 'भानुकुल'. एवढी देवासची ओळख माहेरच्यांना पुरते. गेल्या खेपेला मात्र काकूंनी वेगळाच प्रश्न टाकला. "तुझी लेक म्हणे घोडीवर बसून पिंपांभोवती फिरते. खरं का?"

खरं आहे. आणि त्या पिंपांभोवती फिरण्यातून आमच्या घराला, विशेषतः मला, जो धडा मिळाला, तो सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी घोडा नाही त्यांनीही वाचावं. घरात शिकणारं, खेळणारं, गाणारं मूल असलं तरी पुरे.

पिंपांची शर्यत

या खेळाला बॅरल रेस म्हणतात. मूळ अमेरिकेतलं. तिकडे गुरं राखणाऱ्यांच्या कसरतींचे मेळे भरतात, त्यांना रोडिओ म्हणतात. १९४८ मध्ये टेक्सासमध्ये बायकांनी एकत्र येऊन आपली वेगळी संघटना काढली आणि या शर्यतीला मानाचं स्थान मिळवून दिलं. मैदानात तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवायची. घोडा भरधाव आत येतो, एकेका पिंपाला वळसा घालतो आणि सरळ बाहेर पडतो. वरून पाहिलं तर त्याच्या वाटेची आकृती बेलाच्या पानासारखी दिसते. ठरलेल्या मापाच्या मैदानात पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट अंतर असतं आणि तिसरं पिंप त्या दोन्हींपासून १०५ फुटांवर असतं. तिकडचे कसलेले घोडे हे सगळं सतरा सेकंदांच्या आसपास उरकतात. पिंप पडलं तर पाच सेकंद दंड. म्हणजे वेग हवा, आणि वेगात वळताना तोलही हवा.

आमच्या लेकीला घोड्याचं वेड लागलं ते २०२३ मध्ये. इंदूर आमच्यापासून जेमतेम ३५ किलोमीटर. तिथली सुदीप्ती हजेला त्या वर्षी २६ सप्टेंबरला हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं होतं ते १९८२ मध्ये, त्यानंतर थेट एकेचाळीस वर्षांनी हे. आमच्या घरी दिवसभर तीच चर्चा. ड्रेसाजला लागणारा घोडा आणि शिक्षण आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण एका शाळेच्या मेळाव्यात मुलांच्या खेळांमध्ये लेकीनं बॅरल रेस पाहिली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, याला फक्त तीन पिंपं लागतात!"

पिंपं शेतावर होतीच. घोडी आली धारहून.

चांदणी आणि आबा

चांदणी आमच्या धारच्या चुलतसासऱ्यांची. कुमैत रंग, कपाळावर पांढरा ठिपका, तेव्हा सात वर्षांची. स्वभावानं गरीब, पण टाच लागली की वारा. माझे सासरे, आबा, मूळचे धारचेच. त्यांचे वडील धार संस्थानच्या पागेत नोकरीला होते. १९४८ मध्ये धार आणि देवास दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. नोकरी गेली, पण पागेतले शब्द घरात राहिले. खरारा, तोबरा, चंदी, रपेट, मांड. घोड्याला गोल फिरवण्याला जुनी माणसं कावा देणं म्हणत. लेकीनं शर्यतीची आकृती कागदावर काढून दाखवली तेव्हा आबा हसले. "अगं, हा तर कावाच. तीनदा दिलेला."

सुरुवातीला सगळं मजेत चाललं. लेक तेव्हा नववीत होती. शाळेतून आली की शेतावर पळायची. जानेवारीत जवळच एक स्पर्धा होती. मोबाइलवरचं घड्याळ घेऊन मी मैदानाच्या कडेला उभी राहू लागले. पहिल्या दिवशी ३१ सेकंद लागले. पंधरा दिवसांत २७. दिवाळीनंतर २४.

आकडा खाली येताना पाहण्याची चटक लागते हो! लेकीपेक्षा मलाच जास्त लागली. "अजून एकदा जा, अर्धा सेकंदच राहिलाय," हे वाक्य माझं होतं. आठवड्यातले सहा दिवस, रोज पाच-सहा वेळा भरधाव. रविवारी नातेवाईक यायचे, मग त्यांना दाखवायला आणखी दोनदा. आबा एकदा म्हणाले, "सूनबाई, घोडीला वार कळतो का तुमच्या?" मी तो टोमणा समजले आणि विसरून गेले.

घोडी बोलत होती

आता मागे वळून पाहते तर चांदणी महिनाभर आमच्याशी बोलत होती. जीन घालायला गेलं की कान मागे पाडायची. पूर्वी पिंपांकडे आपणहून ओढ घ्यायची, आता फाटकाशीच अडायची, शेपटी झटकायची. पहिलं पिंप वारंवार पाडू लागली. तोबऱ्यात चंदी उरू लागली. बरगड्या जराशा दिसू लागल्या. लेक म्हणाली, "आई, ती कंटाळलीय." मी म्हणाले, "हट्टीपणा आहे. एकदा सूट दिली की सवय लागेल."

वाचकहो, हेच वाक्य मी नववीतल्या माझ्या लेकीलाही पहाटे चारला अभ्यासाला उठवताना म्हणत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

स्पर्धेला दहा दिवस राहिले होते. सकाळी शेतावर गेले तर चांदणीनं चंदीला तोंडच लावलं नव्हतं. पुढचा डावा पाय ती जरा पुढे टाकून उभी होती. आबांनी खाली बसून गुडघ्याखालून हात फिरवला, मग दुसऱ्या पायावरून फिरवला, आणि माझा हात धरून त्याच जागी ठेवला. डावा पाय गरम होता. मागच्या बाजूला बोटभर सूज होती.

त्या दिवशी सल्ले देणारे खूप भेटले. एकानं सांगितलं, "एक सुई टोचा, दहा दिवस घोडी नाचेल. स्पर्धा झाली की मग द्या विश्रांती." स्पर्धेची फी भरलेली, बेळगावहून माझी आई खास यायची होती, लेकीच्या वर्गातल्या मुली बघायला येणार होत्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझं मन डळमळलं. "तिला दुखणार नाही ना?" असंही मी विचारून बसले.

लेक रडत होती. ती म्हणाली, "दुखणार नाही म्हणूनच ती जास्त पळेल ना, आई?"

पंधरा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी काय सांगितलं

गुरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पायामागची कंडरा थोडी ताणली गेली होती, तुटली नव्हती. नशीब! त्यांनी जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायूंचा गर नसतो. हाड, कातडी आणि दोरखंडासारख्या कंडरा, एवढंच. साडेतीन-चारशे किलोंचं वजन भरधाव वळतं तेव्हा त्या कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या भरूनही सावकाश येतात. मेहनतीनं दम आणि स्नायू काही आठवड्यांत वाढतात. हाडं आणि कंडरा मात्र महिनोन्महिने घेतात. त्यामुळे घोडा आतून तयार होण्याआधीच वरून तयार दिसतो. आकडा २४ वर येतो, आपण खूश होतो, आणि पाय मागेच राहिलेला असतो.

दुसरी गोष्ट साखरेची. जोरात पळताना स्नायूंत साठवलेली साखर खर्च होते. माणसात ती नीट जेवणाखाण्यानं साधारण एका दिवसात भरून निघते. घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे रोज पळवलेली घोडी रोज थोडी जास्त रिकामी होत जाते. दमलेले स्नायू पाय सावरू शकत नाहीत आणि सगळा ताण कंडरांवर येतो.

तिसरी गोष्ट जमिनीची. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात लोण्यासारखी होते आणि थंडीत वरून कडक, खालून पोकळ असते. अशा जमिनीवर वळणं घ्यायची म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण. आम्ही कापसाच्या शेताच्या कडेलाच पिंपं मांडली होती!

दुखणं दाबणाऱ्या सुईबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दुखणं हा तिचा लगाम आहे. तो काढून घेतला तर ती थांबणार कशी?"

स्पर्धेतून नाव काढून घेतलं. लेक दोन दिवस जेवली नाही. माझी आई बेळगावहून आली ती घोडीची शर्यत बघायला, आणि बसली घोडीच्या पायावर गार पाणी सोडत.

आबांची छावणी

त्याच आठवड्यात आबांनी लेकीला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची रीत लिहिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं. तिथे दाणा, वैरण, औषधं आधीच साठवून ठेवलेली, राहायला गवतानं शाकारलेली घरं तयार. दसरा झाला की लष्कर बाहेर पडायचं, ते आठ महिने मुलुखगिरीवर. चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणागोटा आधीच उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा, अशी त्यात सक्त ताकीद आहे. एवढ्या धामधुमीत राजा घोड्यांच्या चार महिन्यांच्या विश्रांतीचा हिशेब ठेवत होता.

"आपले पवार याच घोडदळाच्या परंपरेतून माळव्यात आले," आबा म्हणाले. "धारला गादी झाली, देवासला दोघा भावांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या. ते घोड्यावर आले, आणि घोडे टिकले ते छावणीमुळे. छावणी म्हणजे आळस नव्हे, बाळ. पुढच्या दसऱ्याची तयारी तिथेच होते."

मग ठरलं. दसऱ्यापर्यंत छावणी.

धारचे चार महिने

पहिले तीन आठवडे चांदणी ठाणावरच राहिली. दिवसातून दोनदा पायावर गार पाणी आणि हातानं धरून दहा-दहा मिनिटं चालवणं. डॉक्टर तपासतील तसतशी चाल वाढत गेली. दर महिन्या-दोन महिन्यांनी सोनोग्राफी. एप्रिलपासून पाठीवर बसून फक्त चाल, तीही पहाटे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, पण माळव्याची पहाट गार असते. दुडकी सुरू झाली मे अखेरीस, सरळ रेषेत, एका वेळी दोन मिनिटं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि चांदणीला धारला नेली. चुलतसासऱ्यांचा तिथे बरड माळ आहे, मुरमाचा, पाणी न साचणारा. चार घोड्यांच्या सोबतीनं ती तिथे राहिली. घोडा हा कळपात राहणारा आणि दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं. दोन वेळा भरपूर दाणा आणि मधले तास उपाशी, असं ठेवलं की पोटात व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत हे फार आढळतं. चांदणी चंदी टाकून देत होती त्यामागे हेही असणार, असं डॉक्टर म्हणाले.

दर रविवारी आम्ही देवासहून धारला जायचो. पहिल्या महिन्यात लेकीला पाहून ती लांब जायची. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. जुलैच्या एका रविवारी लेक कुंपणाशी नुसती पुस्तक वाचत बसली होती. मागून येऊन चांदणीनं तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं. लगाम नाही, जीन नाही, हातात गूळही नाही. लेकीनं पान उलटलं नाही, की हलली नाही. मी लांबून पाहत होते. त्या दिवशी मी मोबाइलमधलं ते घड्याळ काढून टाकलं.

नवं वेळापत्रक

दसऱ्याला चांदणी देवासला परतली. झेंडूची माळ घालून तिला ओवाळलं, आबांनी आपट्याचं पान दिलं. त्यानंतरचं आमचं वेळापत्रक असं, कुणाला उपयोगी पडलं तर पाहा.

सोमवारी पूर्ण सुट्टी, मोकळं चरणं. मंगळवारी चाळीस मिनिटं लांब चाल. बुधवारी पिंपांभोवती काम, पण फक्त चालीनं आणि दुडकीनं. वळण कुठे सुरू करायचं, मांड कशी ठेवायची, हे सावकाशीतच शिकता येतं. गुरुवारी चढणीवर रपेट, दमासाठी. शुक्रवारी हलकी चाल किंवा सुट्टी. शनिवारी भरधाव, फार तर दोनदा. रविवारी हातानं धरून चालवणं आणि खरारा. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा सगळंच निम्मं. पिंपं आता वाळू आणि मुरूम घातलेल्या मैदानात.

रोज सकाळी कामाआधी लेक तीन गोष्टी बघते. चारही पायांवर हात, गरम तर नाही? तोबरा रिकामा झाला का? आणि जबड्याखालची नाडी. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. भरधाव पळताना ती दोनशेच्याही वर जाते. पळून झाल्यावर चालवत ठेवलं तर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या आसपास यायला हवी. आली नाही तर दुसरी फेरी नाही. विश्रांतीची नाडी रोजच्यापेक्षा चढी असली तरी त्या दिवशी काम नाही. हे सगळं ती वहीत लिहिते. सेकंदांचा रकाना वहीत शेवटी आहे.

घोडा दिवसभरात तीनेक तासच झोपतो, त्यातली गाढ झोप अर्ध्या-पाऊण तासाचीच, पण तिच्यासाठी त्याला आडवं व्हावं लागतं. निर्धास्त वाटलं तरच तो आडवा होतो. चांदणी आता पहाटे आडवी झोपलेली दिसते. आम्ही त्या वेळी दिवा लावत नाही.

पुढचा जानेवारी

स्पर्धा पुन्हा जानेवारीतच होती आणि लेक आता दहावीत. परीक्षेला महिना राहिलेला. घरात मतं पडली. "यंदा नको," असं म्हणणाऱ्यांत पूर्वीची मी असते तर पहिली असते. पण वर्षभर घोडीचं पाहून मी थोडी शिकले होते. लेकीचंही वेळापत्रक आम्ही तसंच केलं. पहाटे चारचं उठणं बंद, रात्री साडेदहाला दिवा बंद. आठवड्यात एक संध्याकाळ पुस्तकाला हात लावायचा नाही. सुरुवातीला मला चोरट्यासारखं व्हायचं, शेजारच्या मुलाच्या खोलीत दिवा दिसला की पोटात गोळा यायचा. पण पूर्वी तीन-तीनदा वाचलेलं विसरणारी पोर आता एकदा वाचलेलं सांगू लागली.

स्पर्धेच्या दिवशी चांदणी फाटकाशी अडली नाही. कान पुढे, मान खाली, तीन पिंपं, तीन वळणं. एकही पिंप पडलं नाही. वेळ २३ सेकंद आणि काही शतांश. चौथा नंबर. तिसऱ्याला मिळणारा चषक अर्ध्या सेकंदानं हुकला. माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, ते मी गिळलं.

लेकीनं उतरून आधी चारही पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, गार आहेत." संध्याकाळी चांदणीनं तोबरा चाटून पुसून रिकामा केला. आबा म्हणाले, "हा आपला चषक."

परीक्षा झाली, निकालही चांगला लागला. किती टक्के ते सांगत नाही. टक्के सांगायची सवय मोडायची आहे मला.

पुन्हा कुमारजी

काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या देवासची हवाच तशी!" मी आधी हसले, पण मग विचार केला. आपल्या सुळेभावीला जन्मलेला तो मुलगा लहानपणापासून मैफली गाजवत होता. १९४८ मध्ये क्षयाचं दुखणं घेऊन देवासला आला. गाणं थांबवायला लागलं, साधारण पाच वर्षं. एक फुप्फुस कायमचं अधू झालं. वयाच्या विशीत, कीर्ती हातात असताना, गायकाला गाऊ नको म्हणणं ही काय शिक्षा! पण खाटेवर पडल्या पडल्या ते खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. पत्नी भानुमतींनी जिवापाड सेवा केली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते गाणं वेगळंच होतं.

आमच्या घोडीची आणि पोरीची त्यांच्याशी बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच म्हणते, की टेकडीखालच्या त्या रस्त्यावरून मी वीस वर्षं जाते-येते, आणि त्या घरात एक माणूस पाच वर्षं न गाता मोठा होत होता हे मला घोडीच्या पायाला हात लावल्यावर कळलं.

यंदाही पाऊस सुरू झाला की चांदणी धारला जाईल. लेक अकरावीत आहे, मे महिन्याच्या सुट्टीत ती बेळगावला आजीकडे येणार आहे. आजीला मी फोनवर बजावलं आहे, तिला कोणत्याही क्लासला घालू नकोस. झोपू दे, आंबे खाऊ दे. दसऱ्याला अजून वेळ आहे.